झाळलेला ताईत

शेटांच्या गळ्यात एका वेळी पाच-सहा ताईत असायचे आणि त्यातला एकही त्यांचा स्वतःचा नसायचा. सगळे लहान मुलांचे. चांदीच्या नळ्या, चपट्या पेट्या, एखादी बदामाच्या आकाराची डबी. काळ्या दोऱ्यात ओवलेले ते ताईत त्यांच्या पांढऱ्या केसाळ छातीवर लोंबायचे आणि शेट ऐरणीवर वाकले की एकमेकांवर आपटून बारीक वाजायचे. साठीला आलेला, गालफडं बसलेला, सदा दमलेला माणूस, आणि अंगावर अर्ध्या डिचोलीच्या तान्ह्या पोरांचे दागिने.

त्यांच्या घरात मी भाड्यानं पाच वर्षं राहिले. गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गावोगाव मराठी शाळा निघाल्या होत्या आणि शिकवायला माणसं पुरत नव्हती, म्हणून सावंतवाडीकडची माझ्यासारखी मुलगी इकडे नोकरीला लागली. डिचोलीच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढे दुकान, दुकानाला लागून माझी खोली, मागे शेट आणि त्यांची बायको, काकी. दोन मुली होत्या, त्या लग्न होऊन फोंड्याला गेलेल्या. माझ्या खोलीचं एक जनेल, म्हणजे खिडकी, थेट दुकानात उघडायचं, त्यामुळे दुकानात बोललेलं सगळं मला ऐकू यायचं, ऐकायचं नसलं तरी. गोव्यात सोनाराला शेटच म्हणतात. मीही तेच म्हणत आले. नावानं हाक मारायची वेळ कधी आली नाही.

पहिल्या महिन्यातच मी विचारलं होतं, “शेट, हे दुसऱ्यांचे ताईत तुम्ही कशाला घालता?”

“टोचता काय ता बगतंय,” ते म्हणाले. “कड रवली तर पोराच्या अंगाक लागता. पोर रडता. आवस म्हणता, दिष्ट लागली. मगे ती परत माझ्याकडेच येता, दुसरो ताईत करून दे म्हणून. माका दोनदा काम नको.”

आठ दिवस. आठ दिवस स्वतःच्या अंगावर घातल्याशिवाय ते एकही ताईत गिऱ्हाइकाला देत नसत. आंघोळ त्यातच, झोप त्यातच. नवव्या दिवशी गिऱ्हाइकाला बोलवायचे. ताइताला एका बाजूचं टोपण बसवलेलं असायचं, दुसरी बाजू उघडी. ताइतात जे काय घालायचं ते आणणाऱ्यानं आपल्या हातानं घालायचं, शेट तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग दुसरं टोपण लावून त्याच्या कडेला कोमट लाख फिरवायची, ताईत पाण्याच्या वाटीत सोडायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. बुडबुडा आला नाही की काम झालं. एवढंसं काम, पण ते करताना शेट घामाघूम व्हायचे. मला तेव्हा वाटायचं, वय झालंय.

गिऱ्हाइकाला ते वैतागून सोडायचे. कुणी ताईत करायला आलं की पहिला प्रश्न, “पोर निजता कसा? उताणा, कुशीर की पालथा?” उताण्या पोराला नळी चालते, पालथ्या पोराला चपटी पेटीच हवी, नाहीतर छातीत रुतते, असं त्यांचं शास्त्र. कुणी म्हणालं, लक्षात नाही, तर ते हातातली हातोडी खाली ठेवायचे. “बगून येवा. मगे बोलूया.”

एकदा आमची शाळा तपासायला आलेले साहेब माझ्याकडे चहाला आले होते. जनेलातून त्यांना शेट दिसले, गळ्यात सहा ताईत, पुढ्यात निखारे. साहेब हळूच म्हणाले, “बाई, तुमचे मालक मांत्रिक आहेत का?” मी हसून नाही म्हटलं. चहा झाल्यावर मात्र साहेब निघायचं सोडून दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. त्यांची मुलगी झोपेत दचकायची.

“मी घाडी न्हय,” शेट मान वर न करता म्हणाले. “मी डबो करतंय. आत काय घालूचा, ता तुमचा तुमी बगा.”

“पण लोक घालतात तरी काय?”

“कोण कागद घालता, कोण अंगारो, कोण पोराची नाळ सुकवून घालता. एका बायेन नवऱ्याचा पत्र घातला. चेडू निजता कशी?”

साहेबांना सांगता येईना. दहा शाळांचं दप्तर तपासणारा तो माणूस पायरीवर गोंधळून उभा राहिला. पंधरा दिवसांनी एका रविवारी ते खास बस पकडून परत आले आणि एखादं गुपित सांगावं तसं म्हणाले, “उजव्या कुशीवर.” शेट म्हणाले, “आता कळला मां? बसा.”

त्यांचं बोलणं एवढंच असायचं. फार बोललं की दम लागतो म्हणायचे. सण आला, दमलंय. पाऊस लांबला, दमलंय. काकी चिडून म्हणायची, “जल्माक इले तेव्हापासून दमलेत.” पण त्या दमण्याला खरं कारणही होतं. गल्लीच्या तोंडावरून दिवसभर खाणीचे ट्रक जात. लाल धूळ ऐरणीवर बसायची, काट्याच्या पारड्यात बसायची, शेट ती दर तासाला फडक्यानं पुसायचे. खाणींवर हातात पैसा आलेले लोक चांदी सोडून सोन्याकडे वळले होते. ज्यांना चांदीच हवी त्यांना बाजारात साच्यातून काढलेले तयार ताईत मिळत, चकचकीत, एकासारखा एक. शेटांनी त्यातला एक मला हातात घेऊन दाखवला होता. वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “ह्याका घालून बगूक कोण नाय.”

सगुण दुकानात आला तो शनिवार होता, माझी सकाळची शाळा आटपली होती. सगुण खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. चाळिशीचा, आडदांड, मिशाळ, खाकी शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली. ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा करून आला होता म्हणून घाईत होता. गळ्यातला ताईत काढून त्यानं शेटांच्या पुढ्यात ठेवला. “शेटानु, कडी झिजली. दोरो सारखो तुटता. वायच दुसरी कडी बसवून देवा.”

शेटांनी ताईत उचलला. बोटाएवढी नळी, दोन्ही टोपणांवर चांदीच्या रव्यांची फुलं. त्यांनी तो फिरवून बघितला, मग चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा घातला. टोपणाच्या कडेवरून नख फिरवलं, तिथं लाख लागलीच नाही.

“ह्यो खयसून आणलंस?” त्यांनी एकदम दरडावून विचारलं.

सगुण चकित झाला. “आणलंय खयसून? माझो आसा. जल्मापासून गळ्यात आसा.”

“तुजी आवस खयची?”

“दोडामार्गाच्या पलीकडची. आता माझ्याकडे लाटंबार्शाक रवता. कित्याक?”

“जिती आसा?”

“आसा मां! शेटानु, असा काय इचारतास?”

शेट उठून उभे राहिले. “जा तू. मी काय ह्या काम करूचंय नाय. जा म्हणतंय मां!” सगुणनं हात पुढे केला तर ताईतही परत देईनात. मुठीत धरून आत निघून गेले. सगुण माझ्याकडे बघायला लागला. मी त्याची कशीबशी समजूत घातली, शेटांना बरं नाही, चार दिवसांनी ये. तो तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत ट्रककडे गेला.

तीन दिवस शेटांनी ऐरणीला हात लावला नाही. बाहेरच्या सोप्यावर बसून राहिले. सगुणचा ताईत त्यांनी गळ्यातल्या ताइतांत घातला नव्हता, तो मुठीतच असायचा. चौथ्या दिवशी दुपारी काकी माझ्याकडे आली. “बाय, तू वायच इचारून बग. माझ्याशी बोलनत नाय.”

मी पाण्याचा तांब्या घेऊन सोप्यावर जाऊन बसले. ते पाणी प्यायले आणि मी विचारायच्या आधीच सांगायला लागले. माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत.

तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. ताईत घडवायला शिकले होते, पण बंद करायचं काम वडीलच करत. एका बाजाराच्या दिवशी वडील पेडण्याला कुणाच्या लग्नाचे दागिने पोचवायला गेले होते आणि दुकानात हे एकटे. दोडामार्गाकडून एक बाई चालत आली, काखेत महिन्याचं पोर. तिची आधीची तीन गेलेली. या पोराची सुकलेली नाळ तिनं फडक्यात बांधून आणली होती. तयार असलेली नळी तिनं पसंत केली, नाळ त्यांच्या हातात दिली आणि पोराला पाजायला सोप्यावर जाऊन बसली.

“लाख लावूक व्हयी होती,” शेट म्हणाले. “बापाशीन शंभर वेळा सांगितलेला. लाख ऊब मागता, आग नाय. पण माका वाटला, लाख काय कोणय लावता. आपण झाळून दाखवूया. जोड दिसूक नको असो झाळूया.”

त्यांनी नाळ आत घातली, टोपण बसवलं, सांधा आगीनं जोडायला टाकणखार लावला आणि फुंकणी तोंडात धरून नळीवर ज्योत सोडली. जोड अप्रतिम झाला. तो झाला आणि मग वास आला.

“बायेन भायरसून इचारल्यान, कसलो वास येता? मी सांगलंय, लाखेचो.”

बाईनं ताईत पोराच्या गळ्यात बांधला, हात जोडले आणि चालायला लागली. तिचं गाव त्यांना माहीत नव्हतं, नावही नव्हतं. नंतर एकदोनदा ते दोडामार्गापर्यंत जाऊन आले होते, पण नुसतं पोर कडेवर घेतलेली बाई म्हणून कुणाला विचारणार?

“इतकी वर्सां तेच्या वयाचो कोण दिसलो की मी बगित रवतंय. ह्यो तो आसात काय? की तो ऱ्हवलोच नाय?”

“पण राहिला ना, शेट!” मी म्हटलं. “चांगला धडधाकट आहे. तुमच्या हातून काही वाईट झालं नाही.”

“झाला नाय, ता माका शनवारी कळला.” मुठीतला ताईत त्यांनी दुसऱ्या मुठीत घेतला. “आदी घर ठावक नव्हता. म्हणान सांगूक जमला नाय. आता घर कळला. आता मी काय करू?”

काकी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं, पण ती रडली नाही की रागावली नाही. लगेच म्हणाली, “काय करू नकात. कडी बसवा आणि देवन टाका. झिल जितो आसा, म्हातारी सुखात आसा. आता कोणाचा बरा होवचा आसा?”

शेटांनी माझ्याकडे बघितलं. “बाई, तुमी शिकलेली माणसां. तुमी सांगा.”

मी चोवीस वर्षांची होते. रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायचे, मुलांकडून तो मोठ्यानं वाचून घ्यायचे. मी एका क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, “सांगून टाका, शेट. इतकी वर्षं मनात ठेवलंत, आता सांगा आणि मोकळे व्हा. त्या म्हातारीचा हक्क आहे तो.”

काकी आत निघून गेली. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला.

रविवारी आम्ही दोघं बसनं लाटंबार्शाला गेलो. शेटांनी धुतलेला सदरा घातला होता आणि त्या दिवशी गळा मोकळा ठेवला होता. सगळे ताईत खुंटीला टांगून आले होते. सगुण ट्रक धुवायला ओहोळावर गेला होता. म्हातारी अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. लहानखुरी, काळीसावळी, कमरेत वाकलेली. आम्ही डिचोलीचे म्हटल्यावर तिनं बिया बाजूला सारल्या, चटई टाकली, गूळपाणी आणलं.

शेटांनी गुळाला हात लावला नाही. ताईत चटईवर ठेवला आणि सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. लाख, आग, वास. म्हातारी ऐकत होती आणि हातानं एकेक बी उलटत होती. ते थांबले तेव्हा तिचा हातही थांबला.

“मगे आत काय आसा?”

“रखा.”

“तेव्हाच सांगूक जमला नाय तुका?”

“भियालंय.”

“तेव्हा सांगतस तर...” तिनं बोलणं सुरू केलं आणि सोडून दिलं. थोड्या वेळानं म्हणाली, “सांगतस तरी काय करतलंय? नाळ काय दोनदा पडता?”

शेट खाली मान घालून बसले होते. मी मध्ये पडले. म्हटलं, “आजी, पण तुमचा मुलगा सुखरूप आहे की. म्हणजे ताइतात काय होतं, काय नव्हतं, यानं...”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझं वाक्य तिथंच राहिलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत मला नुसती भीती दिसली.

“बाय गो,” ती म्हणाली, “तो रोज खणीच्या रस्त्यार गाडी चलयता. गेल्या वर्सा तेच्या वांगडच्या दोगांच्ये गाडये दरीत गेले. माका सगळे म्हणत, तुका घोर कसो लागना नाय? मी म्हणा, तेच्या गळ्यात तेची नाळ आसा, तेका काय होना नाय. मी इतकी वर्सां सुखान निजलंय.” तिनं ताईत उचलला. “आता मी कशी निजू?”

शेट चटईवरून उठले.

जाताना तिनं शेटांना एवढंच सांगितलं, “कडी बसवून दी. आणि तेका सांगू नको. तेका कळला तर गाडी चलयताना तेचो हात कापतलो.” आमच्याकडे माणूस निघाला की ‘येवा’ म्हणायची रीत आहे. तिनं म्हटलं नाही. ती परत बियांकडे वळली.

परतीच्या बसमध्ये शेट खिडकीशी बसले होते. साखळीच्या फाट्याशी बस बराच वेळ थांबली, तेव्हा म्हणाले, “बाई, मी मोकळो झालंय नाय. माझ्याकडचा होता तसाच आसा. आता तिच्याकडेय आसा.” मला बोलले नाहीत, दोष दिला नाही. पण मी त्यानंतर फळ्यावर सुविचार लिहायचं काम वर्गातल्या मुलींकडे सोपवलं.

कडी बसवून झाली, सगुण ताईत घेऊन गेला. महिन्याभरानं तो पुन्हा आला. या वेळी घाईत नव्हता. पायरीवर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“शेटानु, आयेक एक ताईत करून देवा. तिका कसला तरी भय लागलाहा. सांजवेळ झाली की घरात रवना नाय. फुडे रस्त्याच्या मोरयेर येवन बसता. माझी गाडी दिसली की मगे उठता. धूळ खाता, उन्हात बसता, कितीव सांगा, आयकना नाय. बायलेशी भांडता. घाड्याक दाखवलंय, काय फरक नाय.”

मी जनेलाशी वह्या तपासत होते. शेट निखाऱ्यांकडे बघत होते.

“ताईत नको,” ते अखेर म्हणाले. “मी येतंय.”

“तुमी? तुमी येवन काय करतलात?”

“बसतंय तिच्यावांगडा.”

सगुणला वाटलं, म्हातारा थट्टा करतो. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता शेटांनी दुकानाला फळ्या लावल्या, छत्री घेतली आणि लाटंबार्शाची बस पकडली. तिसऱ्या दिवशीही. नंतर रोज.

गिऱ्हाइकं येऊन परत जायला लागली. आधीच थोडी होती, ती आणखी थोडी झाली. बाजारात लोक बोलायला लागले, हसायला लागले. काकी सुरुवातीला भांडली. मग तिनं भांडायचं सोडलं आणि चार वाजायच्या आत डब्यात दोन उंडे पाव आणि भाजी भरून द्यायला लागली. मला म्हणाली, “म्हातारपणात ह्यांका लाटंबार्शाक सासुरवाडी गावली.” हसत म्हणाली, पण डोळे पुसत होती.

एकदा मी शाळेच्या कामानं त्या बाजूला गेले होते तेव्हा थांबलेल्या बसमधून मला ती दोघं दिसली. रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसलेली, मध्ये दोन हात अंतर. म्हातारीनं शेटांकडे पाठ केली होती. शेटांनी उघडी छत्री हात लांब करून तिच्या डोक्यावर धरली होती आणि स्वतः उन्हात होते. एकेक ट्रक जायचा, लाल धुळीत दोघंही दिसेनाशी व्हायची, धूळ बसली की पुन्हा दिसायची, तशीच. मी बसमधून उतरले नाही.

“बोलते का ती तुमच्याशी?” मी त्या दिवशी विचारलं.

“नाय.”

“मग कशाला जाता?”

“एकट्यान बसूक ल्हान काम न्हय ता,” ते म्हणाले.

दुसऱ्या हंगामात ती बोलायला लागली. आधी शिव्या दिल्या म्हणे, दोन-तीन दिवस, साठवून ठेवलेल्या सगळ्या. मग आधीच्या तीन मुलांविषयी बोलली, त्यांची नावं सांगितली. ती नावं तिच्याशिवाय आता कुणालाच माहीत नव्हती. शेटांना ती पाठ झाली. पावसात खाणी बंद असत, तेव्हा दोघांनाही सुट्टी. पाऊस सरला, पहिला ट्रक गल्लीवरून गेला की काकी आपणहून छत्री काढून दाराशी ठेवायची.

मला वाटायचं, यात त्यांचा जीव जाणार. गेला नाही. शेट काळे पडले, वाळले, खोकायला लागले, पण दमलंय म्हणायचे बंद झाले. मी हे काकीला दाखवून दिलं तेव्हा ती म्हणाली, “दमूक वेळ खय आसा?”

पुढे माझी बदली पेडण्याला झाली. म्हातारी गेल्याचं मला तिथं कळलं. भर पावसात गेली, खाणी बंद होत्या, मुलगा घरात होता, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. शेट बाराव्याला गेले होते. त्यानंतर त्यांनी दुकान उघडलं, पण ताईत केला नाही. मोडलेली साखळी, सैल जोडवी, असलं काही आलं तर करून द्यायचे. दोन वर्षांनी तेही गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. काकीनं मला चहा दिला आणि आम्ही दोघी पाऊण तास सोप्यावर बसलो.

सगुण मला भेटला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, पेडण्याच्या स्टँडवर. मी निवृत्त झाले होते. तो पांढरा झाला होता, ट्रक सोडून काजूची बाग करत होता. मला ओळखून तो वाकला, शेजारी बसला. बागेचं झालं, नातवंडांचं झालं. मग तो माझ्याकडे वळला.

“बाई, एक इचारू? तुमी तेव्हा थयच रवत होतात. शेट माझ्या आयेवांगडा कित्याक येवन बसत? लोक काय काय बोलत. माका रागय येय. आयेक शेवटाक इचारलंय, ती म्हणाली, शेटाक इचार. शेट आजारी पडले तेव्हा तेंका जावन इचारलंय. ते म्हणाले, बाईक इचार.”

माझी बस स्टँडमध्ये शिरत होती. शेटांनी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं, आणि तो एवढी वर्षं आला नव्हता. मी त्याच्या हातांकडे बघितलं. ट्रक केव्हाच सुटला होता. आता सांगितलं असतं तरी गाडीवर हात थरथरायची भीती नव्हती.

“रस्ता वाईट होता रे तेव्हा,” मी म्हटलं. “दोघांनाही तुझी काळजी वाटायची.”

तो माझ्याकडे बघत राहिला. उत्तर पुरलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यानं मान हलवली.

“होय,” तो म्हणाला. “रस्तो वायटच होतो.”

आणि माझी पिशवी उचलून तो बसकडे चालायला लागला.